शील्ड की कप? आधी ठरवा, मग मोजा

१५ एप्रिल २०२४, कोलकाता. इंडियन सुपर लीगच्या साखळीतला निर्णायक सामना. मुंबई सिटीचे ४७ गुण, मोहन बागानचे ४५. मुंबईला बरोबरीही पुरली असती. बागान २-१ने जिंकलं, शील्ड त्यांची. चंदनसारला आमच्या घरी सगळे गप्प!

४ मेला तिथेच अंतिम सामना. मुंबई ३-१ने जिंकली, कप आपला. मी लगेच म्हणालो, “खरा चॅम्पियन कपवाला!” निकाल उलटे लागले असते, तर मी शील्डचे गोडवे गायले असते.

त्या मोसमात शील्ड २२ सामन्यांतलं सातत्य मोजत होती, कप बाद फेरीतली कामगिरी. दोन्ही मोजमापं योग्यच. पण मित्रांनो, निकष डेटा बघण्याआधी लिहून ठेवा. निकाल पाहून निवडलात, तर ते संशोधन नाही, फॅनगिरी झाली.