इंग्लंडमधील अनुदानित बालसंगोपन आणि त्याचे धोरणपत्र

इंग्लंडमध्ये नऊ महिन्यांच्या तान्ह्या मुलापासून शाळेत जाऊ लागणाऱ्या मुलापर्यंत सर्वांच्या सांभाळाचा मोठा भाग आज शासकीय खर्चाने होतो. हा पैसा पालकांच्या हाती पडत नाही. तो शिक्षण खात्याकडून स्थानिक कौन्सिलकडे आणि कौन्सिलकडून नर्सरी, प्रीस्कूल किंवा चाइल्डमाइंडर यांच्याकडे जातो. स्वतःच्या घरी मुले सांभाळणाऱ्या नोंदणीकृत व्यक्तीला तिकडे चाइल्डमाइंडर म्हणतात. पालकाच्या वाट्याला येतात ते तास. हे तास कोणाला, केव्हापासून आणि कोणत्या वेळेत मिळतील, आणि त्यांच्या पलीकडे पालकाने कशाचे पैसे द्यायचे, हे सांगणारा संस्थेचा लेखी दस्तऐवज म्हणजे अनुदानित बालसंगोपनाचे धोरणपत्र. कायदा, करखाते, कौन्सिल, संस्थेची तिजोरी आणि आईवडिलांची नोकरी या सर्वांची गाठ या दोन-तीन पानांत पडते. म्हणूनच ते लिहिणे वरवर दिसते त्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

या व्यवस्थेचा उगम १९९६ च्या व्हाउचर योजनेत सापडतो. चार वर्षांच्या मुलाच्या पालकांना ११०० पौंडांचे व्हाउचर द्यावे आणि त्यांनी ते हव्या त्या नर्सरीत वापरावे, अशी ती कल्पना होती. १९९७ मध्ये सत्तांतर झाले आणि व्हाउचर मागे पडले, पण शासनाने खर्च उचलण्याचे तत्त्व टिकले. १९९८ पासून चार वर्षांच्या आणि २००४ पासून तीन वर्षांच्या प्रत्येक मुलाला अर्धवेळ जागेचा हक्क मिळाला. २००६ च्या बालसंगोपन कायद्याने ही जबाबदारी कौन्सिलवर टाकली. २०१० मध्ये आठवड्याचे साडेबारा तास वाढून १५ झाले. २०१३ पासून अल्प उत्पन्नाच्या घरांतील दोन वर्षांची मुले योजनेत आली. २०१६ च्या कायद्यानुसार सप्टेंबर २०१७ पासून नोकरदार पालकांच्या तीन-चार वर्षांच्या मुलांना ३० तास मिळू लागले. १५ मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी आजवरचा सर्वांत मोठा विस्तार जाहीर केला. एप्रिल २०२४, सप्टेंबर २०२४ आणि सप्टेंबर २०२५ अशा तीन टप्प्यांत ३० तासांचा हक्क नऊ महिन्यांच्या बाळापर्यंत पोहोचला.

परिणामी आज तीन प्रकारचे हक्क शेजारी शेजारी नांदतात. पहिला सार्वत्रिक हक्क: तीन-चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला आठवड्याला १५ तास, पालकांचे उत्पन्न कितीही असो. दुसरा गरजेवर आधारलेला हक्क: काही विशिष्ट शासकीय मदत घेणाऱ्या घरांतील दोन वर्षांच्या मुलांना १५ तास. तिसरा नोकरदार पालकांचा हक्क: नऊ महिन्यांपासून ३० तास. या तिसऱ्या हक्कासाठी दोन्ही पालकांची (एकल पालक असल्यास त्या एकाची) कमाई किमान वेतनाच्या दराने आठवड्याला १६ तास काम केल्याइतकी तरी असावी लागते, आणि कोणाही एकाचे वार्षिक समायोजित उत्पन्न एक लाख पौंडांच्या वर जाऊन चालत नाही. ही मर्यादा प्रत्येक पालकाला वेगळी लागते. त्यामुळे प्रत्येकी ९९ हजार मिळवणारे जोडपे पात्र ठरते, आणि एकट्याचे उत्पन्न लाखाच्या वर गेलेले घर, दुसऱ्याची मिळकत तुटपुंजी असली तरी, बाहेर राहते. ही रचना मला न्याय्य वाटत नाही. पण संस्थेचे काम नियम बदलण्याचे नसून तो पालकाला आधीच समजेल असा सांगण्याचे आहे.

धोरणपत्रांतील गोंधळाचे मुख्य मूळ तासांच्या गणितात असते. ‘आठवड्याला ३० तास’ हे शब्द ऐकून पालक बावन्न आठवड्यांची कल्पना करतो. कायद्यातील तास मात्र शाळेच्या वर्षाचे, म्हणजे ३८ आठवड्यांचे असतात. १५ तासांचे वर्षाला ५७० आणि ३० तासांचे ११४० तास होतात. वर्षभर चालणाऱ्या नर्सरी हेच तास सर्व आठवड्यांवर पसरून देतात. ५१ आठवडे उघड्या असलेल्या नर्सरीत ११४० तासांचे आठवड्याला २२ तास पडतात आणि वर्षाअखेरीस १८ तास शिल्लक राहतात. मूल आठवड्यातून तीन दिवस, रोज दहा तास येत असेल, तर ३० पैकी २२ तास अनुदानाचे आणि आठ तास पालकाच्या खिशातले. ताशी दर समजा सात पौंड असेल, तर आठवड्याला ५६ पौंड. धोरणपत्रात हा हिशेब आकड्यांनिशी मांडलेला असला, तर पहिले बिल हाती पडल्यावर पालकाला धक्का बसत नाही. शिल्लक १८ तासांचे काय करायचे, आणि मूल वर्षाच्या मध्येच नर्सरी सोडून गेले तर तोवर वापरलेले तास कसे मोजायचे, हेही त्याच परिच्छेदात आले पाहिजे. बहुतेक तक्रारी नेमक्या या जागी उगवतात.

तास कोणत्या वेळेत देता येतात यालाही बंधने आहेत. अनुदानाचे तास सकाळी सहाच्या आधी किंवा रात्री आठनंतर धरता येत नाहीत, आणि सलग दहा तासांहून मोठी वेळ अनुदानात बसत नाही. साडेसात ते सहा चालणाऱ्या नर्सरीचा दिवस साडेदहा तासांचा होतो, म्हणून त्यातला अर्धा तास तरी पालकाच्या नावावर पडणारच. मूल एका दिवसात जास्तीत जास्त दोनच ठिकाणी हे तास वापरू शकते. दुपारच्या जेवणाचा तास मधूनच कापून तो पैसे घेऊन विकणे, असा कृत्रिम खंड पाडण्यास शासनाच्या मार्गदर्शक सूचनांत मनाई आहे.

आता प्रश्न जादा आकारणीचा. कौन्सिलकडून मिळणारा दर आणि संस्थेचा नेहमीचा दर यांतील फरक पालकाकडून वसूल करता येत नाही. जेवण, लंगोट, सनक्रीम, सहल किंवा नृत्यवर्ग यांचे पैसे घेता येतात, पण ते ऐच्छिक असले पाहिजेत. ते भरले तरच अनुदानाची जागा मिळेल, अशी अट घालता येत नाही. ज्या पालकाला हे पैसे द्यायचे नाहीत त्याच्यासाठी संस्थेने वाजवी पर्याय ठेवावा, उदाहरणार्थ घरून डबा आणि लंगोट पाठवण्याची मुभा. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुधारलेल्या सूचनांनी आणखी एक पाऊल टाकले. बिलात अनुदानित तास, विकत घेतलेले तास, अन्न, इतर वापराच्या वस्तू आणि उपक्रम यांच्या रकमा वेगवेगळ्या दाखवल्या पाहिजेत, असे त्यांत स्पष्ट केले आहे. ‘दिवसाचे दहा पौंड, संकीर्ण’ असा मोघम आकडा आता टिकणारा नाही.

संस्थाचालकांची बाजूही येथे सांगितलीच पाहिजे. पोटासाठी धंदा चालवणारी माणसे नियमाच्या कडेकडेने का चालतात, याचे कारण दरांत आहे. २०२५-२६ साठी कौन्सिलांना मिळालेले सरासरी ताशी दर दोन वर्षांखालील मुलांसाठी ११.५४ पौंड, दोन वर्षांच्यांसाठी ८.५३ आणि तीन-चार वर्षांच्यांसाठी ६.१२ पौंड होते. ही उतरंड प्रामुख्याने कर्मचारी-प्रमाणातून येते. दोन वर्षांखालील तीन मुलांमागे एक, दोन वर्षांच्या पाच मुलांमागे एक, आणि तीन वर्षांपुढील आठ मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती ठेवणे बंधनकारक आहे. तीन-चार वर्षांच्या वर्गाचा दर भाडे, पगार आणि वीजबिल यांच्यापुढे अनेक संस्थांना अपुरा पडतो. ती तूट पूर्वी पालकांनी विकत घेतलेल्या तासांतून भरून निघे; विस्तारानंतर असे तासच कमी झाले. म्हणून ऐच्छिक आकारणीला सक्तीचे रूप देण्याचा मोह होतो. शासनाने दर वाढवावा, ही संस्थांची मागणी रास्त आहे. पण तूट लपवून ती आईवडिलांच्या बिलात पेरणे रास्त नाही. प्रामाणिक धोरणपत्र याविषयी सरळ बोलते. त्यातील परिच्छेद साधारण असा असावा: ‘तुमच्या मुलाच्या अनुदानित तासांसाठी आम्ही कोणतेही शुल्क घेत नाही. दुपारचे जेवण आणि नाश्ता आमच्याकडून हवा असल्यास दिवसाला अमुक पौंड पडतील. तुम्ही डबा पाठवू शकता. डबा पाठवल्यामुळे तुमच्या मुलाच्या जागेवर किंवा वेळेवर काहीही परिणाम होणार नाही.’ शेवटचे वाक्य बहुतेक धोरणपत्रांत गळलेले असते, आणि संकोची पालकाला धीर देणारे तेच असते.

तारखांचा भाग कोष्टकातच द्यावा. नोकरदार पालकाला महसूल खात्याच्या, म्हणजे एचएमआरसीच्या, संकेतस्थळावरून अकरा अंकी कोड घ्यावा लागतो आणि दर तीन महिन्यांनी पात्रतेची पुन्हा खात्री करावी लागते. हक्क सुरू होतो तो वय आणि कोड दोन्ही जुळल्यानंतरच्या सत्रापासून. सत्रे १ जानेवारी, १ एप्रिल आणि १ सप्टेंबर या तारखांना सुरू झालेली धरतात. ३१ मार्चला नऊ महिन्यांचे झालेले बाळ दुसऱ्याच दिवसापासून पात्र होऊ शकते; २ एप्रिलला नऊ महिने पुरे करणारे बाळ १ सप्टेंबरपर्यंत थांबते. बाळंतपणाच्या रजेवरून कामावर परतणाऱ्या आईच्या दृष्टीने या दोन दिवसांची किंमत पाच महिन्यांच्या फीइतकी असते. कोड ३१ ऑगस्टऐवजी १ सप्टेंबरला मिळाला, तर पुढच्या सत्राची वाट पाहावी लागते. नोकरी गेली तर हक्क लगेच तुटत नाही; सवलतीचा काळ मिळतो. १० फेब्रुवारीपर्यंत अपात्र ठरलेल्या पालकाला तो ३१ मार्चपर्यंत, आणि ११ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात अपात्र ठरलेल्याला ३१ ऑगस्टपर्यंत लाभतो. हे माहीत नसल्याने मूल घाईघाईने काढून घेणारे पालक असतात, आणि तेही घर सर्वाधिक अडचणीत असताना.

तासांसोबत येणाऱ्या पूरक निधींचा उल्लेख अनेक संस्था एका ओळीत उरकतात. अल्प उत्पन्नाच्या घरांतील मुलांसाठी २०१५ पासून बालविद्यार्थी प्रीमियम मिळतो. २०२५-२६ मध्ये तो ताशी एक पौंड, म्हणजे वर्षाला ५७० पौंडांपर्यंत होता. अपंगत्व भत्ता घेणाऱ्या मुलासाठी संस्थेला त्याच वर्षी ९३८ पौंड मिळत. यासाठी पालकाने अर्जावर माहिती आणि संमती द्यावी लागते. ती मागताना ‘गरीब’ किंवा ‘वंचित’ असे शब्द पालकाच्या तोंडावर फेकू नयेत. हा निधी आपल्या मुलासाठी कशावर खर्च होतो हे सांगितले की माणूस मोकळेपणाने सही करतो.

पुणे-मुंबईहून कामाच्या व्हिसावर इंग्लंडला गेलेल्या कुटुंबांना या पत्रातील आणखी एक कलम उपयोगी पडते. अशा व्हिसावर बहुधा ‘सार्वजनिक निधीचा आधार नाही’ अशी अट असते. दोन्ही पालकांवर ती असेल, तर दोघे कर भरत असूनही नोकरदार पालकांचे ३० तास त्यांना मिळत नाहीत. दोघांपैकी एक ब्रिटिश नागरिक किंवा स्थायिक असेल तर मिळू शकतात. तीन-चार वर्षांच्या मुलांचे सार्वत्रिक १५ तास मात्र पालकांच्या व्हिसाकडे न पाहता मिळतात, आणि ते घेतल्याने व्हिसाच्या अटीचा भंग होत नाही. अट मोडेल या भीतीपोटी मुलाला घरीच ठेवणारे पालक असतात. ज्या भागात परदेशांतून आलेली कुटुंबे जास्त आहेत, तेथील नर्सरीने ही दोन वाक्ये ठळक अक्षरांत छापावीत.

उरलेल्या बाबी थोडक्यात येतात. आजारपण आणि सुटीतील गैरहजेरी, सोडून जाण्याची पूर्वसूचना, परत मिळणारी अनामत आणि ती परत करण्याची मुदत यांची नोंद हवी. विकत घेतलेल्या तासांसाठी करमुक्त बालसंगोपन खात्याची माहिती द्यावी. त्यात पालकाच्या प्रत्येक आठ पौंडांमागे शासन दोन पौंड घालते, वर्षाला २००० पौंडांपर्यंत. तक्रारीचा क्रमही सांगावा: आधी व्यवस्थापक, मग कौन्सिलचा बालसेवा विभाग, आणि तेथेही समाधान झाले नाही तर स्थानिक शासनाचा लोकपाल, कारण कायद्याने उत्तरदायी कौन्सिलच आहे. दर आणि सूचना बहुधा एप्रिल व सप्टेंबरच्या सुमारास बदलतात, म्हणून पहिल्या पानावर आवृत्तीची तारीख असावी. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये योजना वेगळ्या आहेत. स्कॉटलंडमध्ये ऑगस्ट २०२१ पासून सर्व तीन-चार वर्षांच्या मुलांना, पालकांची नोकरी न विचारता, ११४० तास मिळतात. त्यामुळे सीमेपलीकडच्या संस्थेचा मसुदा इंग्लंडमध्ये जसाच्या तसा वापरता येत नाही.