हसरे पडदे – भाग ६ : पंच खेळणाऱ्याच्या हातात

‘फॉल्टी टॉवर्स’ या ब्रिटिश मालिकेचा शेवटचा भाग. टॉर्की गावातल्या त्या हॉटेलात आरोग्य खात्याचा इन्स्पेक्टर जेवायला बसलाय आणि मॅन्युएल या वेटरनं हॅमस्टर म्हणून हौसेनं पाळलेला उंदीर हॉटेलभर मोकाट फिरतोय. मालक बेसिल आणि वेट्रेस पॉली इन्स्पेक्टरला पत्ता लागू न देता तो पकडायच्या मागे आहेत. जेवण संपतं, चीज येतं, त्याच्याबरोबर बिस्किटांचा डबा येतो. झाकण उघडतं, तर बिस्किटांमधून उंदीर डोकं वर काढून बसलेला. इन्स्पेक्टर उंदराकडे बघतोय, उंदीर इन्स्पेक्टरकडे, आणि बेसिल मोठ्या अदबीनं विचारतो, की आपण उंदीर घेणार का?

त्या एका प्रश्नासाठी जॉन क्लीज आणि कॉनी बूथ यांनी अर्धा तास पायाभरणी केलेली असते. दोघांनी या मालिकेचे मोजून १२ भाग लिहिले. सहा १९७५ मध्ये, सहा १९७९ मध्ये. बबन प्रभूंचं ‘झोपी गेलेला जागा झाला’ पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला फार्स म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. कुठलं दार कधी उघडायचं, कोण कधी आत यायचं, कुणी नेमकं तेव्हाच पाठमोरं असायचं, हा सगळा हिशेब आधीच बांधलेला असतो. टीव्हीवर तो आणखी पक्का होतो, कारण तिथे संकलकाची कात्रीही मदतीला असते. उंदराच्या तोंडावर कॅमेरा किती वेळ ठेवायचा, हेसुद्धा ठरलेलं. गेल्या आठवड्यात आपण चार्ली डग्लसच्या, मालिकांत ध्वनिमुद्रित हशा भरणाऱ्या यंत्रापाशी थांबलो होतो. १९५०च्या दशकातल्या त्या पेटीनं तर कुठे हसायचं हेही प्रेक्षकाला सांगून टाकलं.

आता तोच बिस्किटांचा डबा व्हिडिओ गेममध्ये ठेवू. खेळणारा तो उघडेलच याची खात्री नाही. तो स्वयंपाकघरात चमचे गोळा करत बसेल, जिन्यावरून पाच वेळा वर-खाली करेल, किंवा इन्स्पेक्टर यायच्या आधीच झाकण काढून मोकळा होईल. टीव्हीवरच्या विनोदाचा सगळा डोलारा टायमिंगवर उभा असतो, आणि गेममध्ये नेमकं तेच लेखकाच्या हातून निसटलेलं असतं. असं असताना काही गेम पोट धरून हसवतात, ते कसं, हा या आठवड्याचा विषय.

बहुतेक कंपन्या सोपी पळवाट काढतात. विनोद कटसीनमध्ये, म्हणजे अधूनमधून येणाऱ्या छोट्या फिल्मच्या तुकड्यात टाकायचा आणि उरलेल्या वेळात नेहमीचा गोळीबार चालू ठेवायचा. नाहीतर नायकाच्या तोंडी दर दोन मिनिटांनी एक टोला द्यायचा. १९९७ मध्ये जाहीर झालेला ‘ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर’ २०११ मध्ये बाजारात आला तो असाच. त्यातला ड्यूक ‘हेलो’ या गेममधल्या चिलखताची टर उडवतो. पण त्याच्याच गेममध्ये एका वेळी दोनच शस्त्रं बाळगायची आणि थोडं आडोशाला थांबलं की जखम आपोआप भरून यायची, हे दोन्ही नियम ‘हेलो’नं रूढ केलेले. थट्टा तोंडात आणि उसनवारी हातात, अशा ठिकाणी विनोद टिकत नाही. शिवाय एकाच जागी दहा वेळा मरून परत यावं लागलं, की तोच टोला दहा वेळा ऐकावा लागतो. टीव्हीच्या लेखकावर ही पाळी कधी येत नाही.

खरा तोडगा एका रेडिओवाल्या लेखकाला फार लवकर सापडला होता. डग्लस अ‍ॅडम्सची ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ १९७८ मध्ये बीबीसी रेडिओवर आली, १९८१ मध्ये टीव्हीवर, आणि १९८४ मध्ये इन्फोकॉम कंपनीच्या स्टीव्ह मेरेट्झकीबरोबर बसून अ‍ॅडम्सनं तिचा गेम लिहिला. चित्र एकही नाही. नुसता मजकूर वाचायचा आणि काय करायचं ते टाइप करायचं. त्यातलं बॅबल माशाचं कोडं गेमवेड्यांच्या जगात आजही प्रसिद्ध आहे. हा मासा कानात गेला की विश्वातली कुठलीही भाषा समजते. समोर यंत्र आहे, बटण दाबलं की मासा बाहेर येतो.

बटण दाबलं. मासा सुसाट जाऊन भिंतीतल्या भोकात गडप. बरं, भोकावर हूक आहे, त्याला आपला ड्रेसिंग गाऊन अडकवू. पुन्हा बटण. मासा गाऊनवर आपटून खाली घसरला आणि जमिनीवरच्या मोरीच्या जाळीतून गेला. जाळीवर टॉवेल पसरू. पुन्हा बटण. या वेळी भिंतीतली झडप उघडून सफाईचा रोबो आला आणि मासा उचलून पसार झाला. झडपेसमोर मित्राची पिशवी ठेवू. पुन्हा बटण. मासा पिशवीवरून उसळला, आणि खोलीच्या फक्त वरच्या अर्ध्या भागाची सफाई करणारा दुसराच रोबो उडत येऊन त्याला घेऊन गेला. उपाय असा, की पिशवीवर जाहिरातींच्या पत्रांचा गठ्ठा ठेवायचा. पत्रं उधळतात, रोबो ती वेचत बसतो, आणि मासा अखेर कानात शिरतो. ती पत्रं गेमच्या सुरुवातीला, स्वतःच्या घरून निघताना उचलायची राहिली असतील तर इथून पुढे वाट बंद. यंत्रातले मासेही मोजकेच.

कानात मासा गेल्याचं अभिमानानं मिरवणारे टी-शर्ट इन्फोकॉमनं विकायला काढले होते. त्यात नवल काही नाही. बेसिल फॉल्टीची फजिती आपण खुर्चीत बसून बघतो. इथे बेसिल आपणच असतो. प्रत्येक उपाय शहाणपणाचा वाटतो आणि प्रत्येक उपायातून नवा घोळ उभा राहतो. पंच कधी बसणार ते अ‍ॅडम्सनं ठरवलेलंच नाही. बटण दाबणारं बोट खेळणाऱ्याचं आहे, त्यामुळे तो तयार असेल त्याच क्षणी पंच येतो. गेममधल्या विनोदाची सगळी गोम इथे आहे. खेळणाऱ्याला प्रेक्षक न ठेवता त्याला विनोदातली भूमिका द्यायची.

हेच सूत्र १९९० मध्ये ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’मध्ये रॉन गिल्बर्ट, टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांनी वेगळ्या रीतीनं वापरलं. समुद्री चाचा व्हायला निघालेला गायब्रश थ्रीपवूड तलवारीच्या द्वंद्वात उतरतो, पण द्वंद्व चालतं टोमण्यांवर. समोरच्यानं अपमान केला की अचूक उत्तर द्यायचं. उत्तर चुकलं की मागे हटायचं. तमाशातले सवाल-जवाब ज्यांनी ऐकले आहेत त्यांना यातली रंगत लगेच कळेल. यातली युक्ती अशी, की हरल्यानंही फायदाच होतो. समोरच्याचा टोमणा आपल्या यादीत जमा होतो आणि तो पुढच्या चाच्यावर वापरून त्याचं उत्तर मिळवता येतं. सगळी पाठांतरं झाल्यावर गाठ पडते तलवारबाजीतल्या उस्ताद कार्लाशी, आणि तिचे टोमणे पूर्ण वेगळे! उत्तरं तीच जुनी, पण नव्या सवालाला त्यातलं कुठलं फिट बसतं ते तिथल्या तिथे ओळखायचं. हजरजबाबीपणा पडद्यावर दाखवणं वेगळं आणि तो खेळणाऱ्याकडून करवून घेणं वेगळं. हे दुसरं काम इतक्या नेटकेपणानं त्यानंतर फार कमी गेमना जमलंय.

टीव्हीचा कसलेला विनोदवीर गेममध्ये आला आणि त्या माध्यमाचा होऊन गेला, याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे स्टीफन मर्चंट. रिकी जर्व्हेसबरोबर त्यानं २००१ मध्ये ‘द ऑफिस’ घडवली. त्या मालिकेतला हशा संवादापेक्षा त्यानंतरच्या शांततेत असतो. ऑफिसचा साहेब डेव्हिड ब्रेंट काहीतरी भलतंच बोलून जातो, कुणी हसत नाही, आणि कॅमेरा मात्र हलत नाही. २०११ मध्ये वाल्व कंपनीच्या ‘पोर्टल २’मध्ये मर्चंटनं व्हीटली या बडबड्या रोबोला आवाज दिला. इथे शांतता खेळणाऱ्याच्या बाजूला आहे, कारण नायिका चेल एक अक्षर बोलत नाही, आणि ती पोकळी भरायला व्हीटली अखंड बोलत सुटतो. ब्रेंटच्या अंगातली मान्यतेची भूक आणि स्वतःविषयीचा गैरसमज यंत्रात उतरवला, तर व्हीटली तयार होतो.

गेमच्या पहिल्याच काही मिनिटांत तो चेलच्या मेंदूला इजा झाली असेल या काळजीनं तिला काहीतरी बोलायला सांगतो. पडद्यावर सूचना येते, की बोलण्यासाठी स्पेसबार दाबा. खेळणारा विश्वासानं स्पेसबार दाबतो आणि चेल जागच्या जागी उडी मारते. व्हीटली गोंधळतो. मग ‘अ‍ॅपल’ म्हण म्हणतो. पुन्हा सूचना, पुन्हा उडी. बोलण्याऐवजी तू उडी मारते आहेस, हे तो तिला जपून, समजुतीच्या सुरात सांगतो. हा विनोद टीव्हीवर दाखवताच येणार नाही. त्यातला अर्धा वाटा बोटाचा आहे आणि उरलेला पडद्यावरच्या सूचनेवर ठेवलेल्या भाबड्या विश्वासाचा. वाल्वमध्ये गेम तयार होत असताना बाहेरची माणसं आणून खेळायला बसवतात आणि ती कुठे अडतात, कुठे वळून बघतात हे निर्माते मागे बसून पाहतात. एरिक वोलपॉ, जे पिंकर्टन आणि चेट फॅलिसेक या लेखकांचे संवाद इतके नेमके बसले, त्यात या निरीक्षणाचा वाटा नक्कीच आहे. मर्चंटनं पडद्यावर बरंच चांगलं काम केलंय. तरी त्याची सर्वोत्तम भूमिका हीच, निळ्या डोळ्याच्या गोळ्याची.

‘साउथ पार्क’च्या बाबतीत तर एकाच मालिकेची दोन टोकं बघायला मिळतात. मालिका १९९७ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी अक्लेम कंपनीनं तिचा गेम काढला. पात्रं ओळखीची, आवाज ओळखीचे, आणि काम काय, तर टर्की पक्ष्यांवर बर्फाचे गोळे फेकत हिंडायचं. मालिकेचं नाव तेवढं वापरलं, आत्मा बाहेरच राहिला. २०१४ मध्ये मालिकेचे जनक ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांनी ‘द स्टिक ऑफ ट्रुथ’ स्वतः लिहिला, ऑब्सिडियननं तो तयार केला. त्यात खेळणारा असतो गावात नव्यानं राहायला आलेला मुलगा. मालिकेतला कार्टमन त्याला नाव विचारतो. खेळणारा हौसेनं स्वतःचं नाव टाइप करतो, आणि कार्टमन ते सरळ बाजूला सारून त्याचं नाव म्हणून एक शिवी पक्की करून टाकतो. पात्राला नाव देण्याची ती चौकट अशा प्रकारच्या प्रत्येक गेममध्ये असते. ती कार्टमनच्या तावडीत दिली आणि पहिल्याच प्रसंगात कळलं, की आपण खरोखर साउथ पार्कमध्ये आलोय.

‘द स्टॅन्ली पॅरबल’मध्ये, म्हणजे डेव्ही रेडनच्या २०११ च्या छोट्या प्रयोगात आणि विल्यम प्यूच्या साथीनं २०१३ मध्ये वाढवलेल्या गेममध्ये, निवेदकच खेळणाऱ्याशी भांडतो. स्टॅन्ली डावीकडच्या दारातून गेला, असं तो सांगतो. खेळणारा उजवीकडे जातो. झाडू ठेवायच्या कपाटासारख्या खोलीत शिरून खेळणारा नुसता उभा राहिला, तर निवेदक आधी समजावतो, मग चिडतो, आणि शेवटी खेळणारा खुर्चीतच गतप्राण झाला असं समजून दुसऱ्या कुणालातरी बोलवायला लागतो. निवेदक केव्हन ब्रायटिंगचा तो भारदस्त आवाज ऐकण्यासाठी लोक त्या खोलीत तास तास उभे राहायला तयार होतात, आणि ते योग्यच आहे.

शब्दाविना हसवायचं झालं तर एक गूज, म्हणजे हंसीण, आघाडीवर. मेलबर्नच्या हाऊस हाऊस या चार जणांच्या गटानं २०१९ मध्ये ‘अनटायटल्ड गूज गेम’ काढला. एका शांत इंग्लिश खेड्यात ही गूज आणि तिच्यासमोर कामांची यादी. माळ्याला भिजवायचं, त्याच्या किल्ल्या पळवायच्या, हातोडी त्याच्याच अंगठ्यावर बसेल असं करायचं. माळी भिजण्याचा विनोद १८९५ मध्ये ल्युमिएर बंधूंनी चित्रित केला, तो सिनेमातल्या पहिल्यावहिल्या विनोदांपैकी एक. सव्वाशे वर्षांनी तोच माळी पुन्हा भिजतो, फक्त आता नळ आपण सोडतो. संगीतकार डॅन गोल्डिंगनं डेब्युसीच्या पियानोरचनांचे छोटे छोटे तुकडे करून ठेवलेत. गूज दबकत चालली की दोन-चार स्वर, पळापळ झाली की पियानोही धावतो. मूकपटाच्या काळी थिएटरात बसलेला पियानोवादक पडदा बघून वाजवायचा, तेच काम इथे होतं. आणि एक बटण खास कर्कश ओरडण्यासाठी राखीव! ते नेमकं कधी दाबायचं, याला टायमिंगच म्हणतात, आणि आठ वर्षांच्या पोरालाही ते पाच मिनिटांत जमतं.

उलट दिशेचा प्रवासही तितकाच जिव्हाळ्याचा आहे. गेमचं वेड आतून माहीत असलेल्यांनी लिहिलं की टीव्हीवरचा विनोद खुलतो. सायमन पेग आणि जेसिका स्टीव्हन्सन यांच्या ‘स्पेस्ड’मध्ये, १९९९ साली, नायक टिम रात्रभर ‘रेसिडेंट ईव्हिल २’ खेळतो आणि त्याला खऱ्या आयुष्यातही झोंबी दिसायला लागतात. तिथेच पेग आणि दिग्दर्शक एडगर राइट यांच्या २००४ च्या ‘शॉन ऑफ द डेड’ चित्रपटाचं बीज पडलं. अमेरिकन ‘द ऑफिस’मध्ये जिम स्टॅमफर्डच्या शाखेत बदलून जातो, तिथे सगळे कामाच्या वेळात ‘कॉल ऑफ ड्यूटी’ खेळतात, आणि गेममधल्या कॅरेंटनच्या नकाशावर दुरून नेमबाजी करायची बंदूक घेऊन उभा राहिला म्हणून सहकारी अँडी त्याच्यावर भडकतो. जुन्या ऑफिसात सगळ्यांच्या खोड्या काढणारा जिम नव्या जागी कसा अडाणी ठरलाय, हे त्या एका चुकीतून कळतं. लिहिणाऱ्याला तो नकाशा ठाऊक होता, म्हणून प्रसंग खरा वाटतो. ‘साउथ पार्क’नं तर २००६ मध्ये ब्लिझर्ड कंपनीच्या मदतीनं एका भागातले बरेच प्रसंग ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या आत घडवले आणि पुढच्या वर्षी त्या भागाला एमी मिळाला.

पुढच्या आठवड्यात ‘मिथिक क्वेस्ट’कडे वळू. रॉब मॅकेल्हेनी, चार्ली डे आणि मेगन गँझ यांची ही २०२० ची मालिका गेम बनवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसातच घडते, तिच्या निर्मितीत यूबीसॉफ्ट ही खरी गेम कंपनी सहभागी होती, आणि टाळेबंदीत तिचा एक भाग कलाकारांनी आपापल्या घरात आयफोनवर चित्रित केला होता. तोवर ‘पोर्टल २’ची पहिली पंधरा मिनिटं स्वतः खेळून बघा. यूट्यूबवर दुसऱ्यानं खेळलेली बघू नका, कारण स्पेसबार आपण दाबला नाही तर त्यातली गंमत निम्मीही कळायची नाही.