बिनतारी संवाद (लेखांक ६) : सीबी रेडिओ घ्यावा का?

तरंगलांबी आणि अँटेना यांचे नाते गेल्या आठवड्यात पाहिले. आज त्याच्याच आधारे खरेदीचा निर्णय घ्यायचा आहे.

समजा, मानेसरच्या वाहन उद्योगात नोकरीला असलेली तीन-चार मराठी कुटुंबे आपापल्या गाड्या घेऊन एकत्र गावी निघाली. राष्ट्रीय महामार्ग ४८ मानेसरमधूनच जातो आणि जयपूर, अहमदाबाद, मुंबई करत पुणे-कोल्हापूरला पोचतो. वाटेत गाड्यांनी एकमेकींशी बोलायचे तर सीबी, म्हणजे सिटिझन्स बँड, रेडिओचा विचार मनात येतोच. अमेरिकेत १९७३च्या तेलटंचाईनंतर ट्रकचालकांनी तो लोकप्रिय केला.

आपल्याकडे २००५च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्यातून मुक्त झाला. अट अशी, की शक्ती ५ वॅटपर्यंत आणि अँटेना संचातलाच. शिवाय दुसऱ्यांना अडथळा करायचा नाही आणि आपल्याला झाला तर संरक्षण मागायचे नाही. परदेशातून संच आणणारे नेमके इथे फसतात. अमेरिकी संचात ४० चॅनेल असतात आणि ते २७.४०५ मेगाहर्ट्झपर्यंत जातात. आपली हद्द सत्ताविसाव्या चॅनेलपाशी संपते. अठ्ठाविसावे चॅनेल २७.२८५ला आहे, म्हणजे थोडक्यात का होईना, हद्दीबाहेर.

त्याहून मोठी अडचण अँटेनाची. २७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी ११ मीटर, तिचा चतुर्थांश पावणेतीन मीटर. एवढी लांबी हातातल्या संचात गुंडाळून बसवली की बरीच शक्ती वाया जाते. अमेरिकी ट्रकचा आवाज लांब पोचतो तो बाहेर लावलेल्या उंच अँटेनामुळे, आणि आपली सूट नेमकी तशा अँटेनाला लागू नाही. म्हणून माझे स्पष्ट मत : गाड्यांच्या ताफ्यासाठी भारतात सीबी घेऊ नये.

त्याऐवजी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी शक्तीचे वॉकीटॉकी घ्यावेत. २०१८च्या नियमांनी त्यांनाही परवान्यातून सूट आहे. त्यांचा चतुर्थांश तरंग जेमतेम १७ सेंटिमीटरचा, त्यामुळे हातातला अँटेना पुरेसा ठरतो. अरवलीची टेकडी आड आली की संपर्क तुटेल, पण पुढच्या-मागच्या गाडीशी बोलायला ते पुरेत.

कुठल्याही फ्रिक्वेन्सीला लावता येणाऱ्या स्वस्त संचांपासून मात्र दूर राहा. ते या सवलतीत बसत नाहीत. अशा संचांच्या ऑनलाइन विक्रीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना असेल तर हॅमच्या पट्ट्यांत बोलता येते, पण धंद्याच्या कामासाठी नाही. कारखान्याला स्वतःची फ्रिक्वेन्सी हवी असेल तर दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेकडे अर्ज करावा लागतो.

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे त्याच मॉडेलचे, याच शाखेचे इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल प्रमाणपत्र मागा आणि त्यावरचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा स्वतः वाचा. ते दाखवायला टाळाटाळ झाली, तर तो संच घेऊ नका. पुढच्या आठवड्यात हॅमच्या परीक्षेची तयारी पाहू.