मातीतले बीजाणू जागे कसे होतात?

मृगाच्या तोंडावर बुलढाणा जिल्ह्यातल्या गोठ्यांत घटसर्प आणि फऱ्या या रोगांच्या लसी टोचल्या जातात. दोन्ही रोग जिवाणूंचेच. पण फऱ्याचा जिवाणू बीजाणू होऊन मातीत वर्षानुवर्षे तग धरतो. घटसर्पाच्या जिवाणूला ते जमत नाही. या बीजाणूंबद्दलचे गैरसमज जनावराच्या आणि माणसाच्याही जिवावर बेततात.

गैरसमज : पाऊस पडला की बीजाणू जागे होतात.
वस्तुस्थिती : नुसती ओल पुरत नाही. बीजाणूच्या आतल्या पडद्यावरची प्रथिने अन्नाची चाहूल घेतात. अनेक जातींना ॲलानिन हे अमिनो आम्ल मिळाले की इशारा पोचतो. फऱ्याचे बीजाणू चाऱ्यातून पोटात जातात आणि मांसात निपचित पडून राहतात. मुका मार लागून तिथला प्राणवायू घटला, की ते अंकुरतात.

गैरसमज : बियाण्यासारखे त्यांनाही उगवायला दिवस लागतात.
वस्तुस्थिती : अन्न मिळाले की काही मिनिटे पुरतात. आत साठवलेले कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल बाहेर पडते, पाणी आत शिरते, कवचाखालचा जाड थर विरघळतो. त्याच क्षणी उष्णता सोसण्याची ताकदही संपते. पुढे काही तासांत पेशी दुभंगू लागते.

गैरसमज : उकळले की सगळे जंतू मेले.
वस्तुस्थिती : बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. अनेक बीजाणू त्यातून वाचतात, उलट उष्णतेने काहींची झोप चाळवते. रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात अशा वाचलेल्या बीजाणूंतून बॅसिलस सिरियस हा जिवाणू वाढतो, आणि त्याचे उलट्या घडवणारे विष भात पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून उरलेला भात लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवावा. बीजाणू मारायला १२१ अंशांची, दाबाखालची वाफ सुमारे १५ मिनिटे लागते.

गैरसमज : अचानक मेलेले जनावर फाडून कारण पाहावे.
वस्तुस्थिती : असे मरण फाशीचे, म्हणजे काळपुळीचे असू शकते. तिच्या जिवाणूला बीजाणू बनवायला हवा लागते. न फाडलेले मढे कुजते तसा आतला जिवाणू मरतो; फाडलेल्या मढ्यातून सांडलेले रक्त मात्र माती कित्येक वर्षे दूषित करते. मढ्याला हात न लावता आधी पशुवैद्यकांना बोलवावे.

मातीतला बीजाणू लसीच्या हाती लागत नाही. तो जनावराच्या अंगात जागा झाला, की लसीने तयार झालेले शरीर त्याला गाठते. म्हणून फऱ्याची लस दरवर्षी, पावसाआधी टोचून घ्यावी.