धुकं उतरलं, आम्ही मागे फिरलो

दापोलीकरांना डोंगर आणि पाऊस नवा नाही. तरीही चांदोली राष्ट्रीय उद्यान पाहायचं आमच्या घरात दोन वर्षं नुसतंच ठरत होतं. पावसाळ्यात ते पर्यटकांना बंद असतं, म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत निघालो. अब्बा, आम्ही नवरा-बायको आणि दोन मुलं. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकं चिकन. खेड, चिपळूण, कुंभार्ली घाट, कऱ्हाड, शिराळा करत धरणाशेजारच्या वारणावतीला पोचेपर्यंत दिवस मावळला होता.

चांदोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा २००४ साली मिळाला. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि आपला रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत हे जंगल पसरलं आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत या दोन्हींचा समावेश आहे. गवा, सांबर, शेकरू, धनेश हे इथले रहिवासी. इथली माणसांची गावं मात्र धरण आणि जंगलापायी उठली. जुन्या घरांचे चौथरे झाडीत दिसले तेव्हा अब्बा बराच वेळ गप्प होते.

सकाळी ऊन होतं. दुपारी सड्यावर पोचलो आणि अर्ध्या तासात समोरचं झाड दिसेना. कारण साधं आहे. समुद्राकडून येणारी दमट हवा सह्याद्रीच्या भिंतीवर चढते, वर थंड होते आणि तिचेच ढग होतात. खालून पाहणाऱ्याला तो ढग दिसतो, आत उभ्या असलेल्याला धुकं. पाठोपाठ गडगडायला लागलं. सोबतचा वाटाड्या म्हणाला, ''आता फिरायचं. उघड्या सड्यावर वीज माणूस बघत नाही.'' गवा दिसलाच नव्हता. धाकटा रडकुंडीला आला. ''अजून दहा मिनिटं, पप्पा!'' आम्हालाही तेच वाटत होतं, पण फिरलो.

खरा प्रश्न संध्याकाळी कऱ्हाडला उभा राहिला. पाऊस कोसळत होता. सकाळी दुकान उघडायचं, म्हणून अब्बा म्हणाले, ''रात्रीच घाट उतरू. आयुष्य घाटात गेलं माझं.'' अब्बांपुढे आम्ही सहसा बोलत नाही. थोरली मात्र हळूच म्हणाली, ''दादा, ती विद्यापीठाची बस पण दिवसाच निघाली होती ना?''

गाडीत कुणी बोललं नाही. २८ जुलै २०१८. दापोलीच्या कृषी विद्यापीठातली माणसं पावसाळी सहलीला महाबळेश्वरकडे निघाली होती. आंबेनळी घाटात बस दरीत गेली. एकच वाचला. त्या दिवशी दापोलीत कुठल्या मोहल्ल्यात, कुठल्या आळीत चूल पेटली असेल? अब्बा स्वतः कितीतरी दारांत जाऊन आले होते.

थोड्या वेळाने तेच म्हणाले, ''लॉज बघा कुठे.'' उंट बांधण्याची हदीस आम्हाला त्यांनीच लहानपणी शिकवली होती. तवक्कल म्हणजे काळजी घेणं सोडणं नव्हे.

फजरनंतर पाऊस थांबला. कऱ्हाडचे जुने मनोरे धुऊन निघाले होते. उजेडात कुंभार्ली उतरताना एका वळणावर मातीचा ढीग आणि डोक्याएवढे दगड रस्त्यात आलेले दिसले. जेसीबी ते बाजूला करत होता. आम्ही रात्री आलो असतो तर काय झालं असतं, कोण जाणे. कदाचित काहीच नाही. अब्बांनी खिडकीतून पाहिलं आणि नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

तुम्हीही डोंगरात जाणार असाल, तर निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा पाहा. धुक्यात गाडीचे दिवे खाली ठेवा, उतारावर खालच्या गिअरमध्ये चला. विजा चमकताना एकट्या झाडाखाली थांबू नका. आणि एक रात्र जादा काढण्यापुरते पैसे, कपडे, घरच्यांची औषधं बरोबर असू द्या. घाई बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.

दुकान त्या दिवशी दुपारी उघडलं. गवा पाहायचा अजून राहिला आहे. धाकट्याला सांगितलं आहे, पुन्हा जाऊ, इन्शाअल्लाह.