मुलाला दवाखान्यात भरती करा म्हणाले, तर?

मागच्या भागात आपण वयात येणाऱ्या मुलामुलींच्या मनाच्या आजारांची लक्षणं ऐकली. त्यानंतर गटांच्या बैठकांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला. डॉक्टर म्हणाले, "मुलाला काही दिवस इथं ठेवावं लागेल," तर काय करायचं? एक ताई म्हणाल्या, "पोरीला तिथं ठेवलं तर उद्या तिच्याशी लग्न कोण करील?" दुसऱ्या म्हणाल्या, "तिथं बांधून ठेवतात, शॉक देतात असं ऐकलंय." भीती खरी आहे. म्हणून आज नीट समजून घेऊ.

आधी एक गोष्ट. मनाचा आजार असलेल्या बहुतेक मुलांना भरती करावं लागत नाही. डॉक्टरांशी बोलणं, समुपदेशन, गरज पडली तर गोळ्या, एवढ्यावर घरी राहूनच फरक पडतो. भरतीची वेळ कधी येते? मूल जीव देण्याची भाषा करतंय किंवा तसा प्रयत्न केलाय. कित्येक दिवस जेवण नाही, झोप नाही. कानात आवाज येतात, कुणीतरी मारायला येतंय असं वाटतं, भान राहत नाही. स्वतःला किंवा घरच्यांना इजा करतंय. अशा वेळी डोळ्यांत तेल घालून चोवीस तास लक्ष ठेवणं घरात एकट्या आईला जमत नाही. तिथं दवाखाना लागतो.

आणि भरती कशासाठी नाही? मुलगा मोबाईल सोडत नाही, ऐकत नाही, मुलीचं कुणाशी जमलंय, ती घरच्यांच्या मनाप्रमाणे वागत नाही, यासाठी नाही. समाजाच्या रीतीभातीप्रमाणे वागत नाही एवढ्यावरून कुणालाही मनोरुग्ण ठरवता येत नाही, असं कायदाच सांगतो. दवाखाना ही शिक्षा नव्हे. "नीट वाग, नाहीतर तिकडं टाकीन" ही धमकी तर कधीच देऊ नका. उद्या खरंच गरज पडली, तर तेच मूल उपचाराला घाबरेल.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ पासून लागू आहे. अठरा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी त्यात वेगळे नियम आहेत. हे आपल्याला तोंडपाठ हवेत.

पहिलं, पालकांनी अर्ज द्यायचा. मग दोन जणांनी मुलाला वेगवेगळं तपासायचं. त्यातला एक तरी मनोविकारतज्ज्ञ असलाच पाहिजे. तपासणी भरतीच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत झालेली हवी. बाहेर राहून उपचार शक्य नाहीत, असं दोघांचंही मत पडलं तरच भरती. मुलाचं स्वतःचं म्हणणंही विचारात घ्यायचं.

दुसरं, मुलांना मोठ्या माणसांच्या वॉर्डात ठेवायचं नाही. त्यांची सोय वेगळी हवी.

तिसरं, आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: पालकांनी किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाने पूर्ण वेळ मुलासोबत राहायचं. मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल, तर सोबत बाई असलीच पाहिजे. म्हणजे मूल तिथं टाकून यायचं नसतं, आपण त्याच्याजवळच असतो. ही पद्धत आपल्या देशात जुनी आहे. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारात तंबू टाकून रुग्णासोबत राहू दिलं. घरची माणसं जवळ असली की रुग्ण सावरतो आणि घरच्यांनाही आजार कळतो, हे त्यातून दिसलं. आज बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत मुलांच्या वॉर्डात पालक सोबत राहतात.

चौथं, भरती केल्यावर ७२ तासांत मानसिक आरोग्य मंडळाला कळवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. मुक्काम तीस दिवसांपुढे गेला, तर मंडळाने स्वतः त्याची तपासणी करायची. आणि पालकांनी "आम्हाला घरी न्यायचंय" म्हटलं, तर सोडावंच लागतं. तरी रागाच्या भरात नेऊ नका, आधी डॉक्टरांशी बोला.

पाचवं, साखळीने बांधणं गुन्हा आहे. कोंडून ठेवायलाही बंदी आहे. शॉकची भीती वाटते ना? लहान मुलांना तो द्यायला कायद्याने मनाई आहे. अगदीच आवश्यक ठरलं, तर पालकांची संमती आणि मंडळाची आधी परवानगी लागते, आणि भूल दिल्याशिवाय तो कुणालाच देता येत नाही.

हे नियम उगीच आलेले नाहीत. २००१च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडी इथं एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. आतल्या मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधलं होतं. त्यांना पळता आलं नाही. २८ जणांचा जीव गेला. म्हणून "इथं ठेवा, आपोआप बरा होईल" असं कुणी म्हणालं, मग ते केंद्र असो, मठ असो की व्यसनमुक्तीची जागा, तर चार गोष्टी विचारा. मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का? मनोविकारतज्ज्ञ कोण, किती वेळा येतात? मला मुलाजवळ राहू देणार का? मुलांची खोली वेगळी आहे का? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर मुलाचा हात धरा आणि बाहेर पडा.

भरती झाल्यावर आत काय होतं? पहिले काही दिवस तपासण्या आणि निरीक्षण. गोळ्यांचं प्रमाण बसवतात, झोप आणि जेवण मार्गावर आणतात. मग मुलाशी बोलणं, खेळ, चित्रं, ठरलेली दिनचर्या. आईबापांशीही वेगळं बोलतात, कारण घरी गेल्यावर सांभाळायचं त्यांनाच असतं. बऱ्याचदा काही आठवड्यांत मूल घरी येतं. पण घरी आलं म्हणजे संपलं नाही. बरं वाटलं म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. पुढच्या तपासणीची तारीख चुकवायची नाही. शाळेत एका विश्वासाच्या शिक्षकांना सांगून ठेवायचं.

मग सुरुवात कुठून करायची? १४४१६ हा सरकारचा टेली मानस नंबर चोवीस तास चालू असतो. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथून चिठ्ठी घेऊन सिव्हिलच्या मानसोपचार विभागात जाता येतं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथं सरकारी मनोरुग्णालयं आहेत. मुलांची वेगळी सोय कुठे आहे, ते निघण्याआधी सिव्हिलमध्येच विचारून घ्या. जिवाला धोका असेल तर वाट बघू नका, १०८ला फोन करा. विषारी औषधं, दोर, कोयता त्याच्या हाती लागणार नाहीत असं बघा, आणि मुलाला एकटं सोडू नका.

देवऋषाकडे जायचं की नाही, यावर घरात वाद होतात. मी एवढंच म्हणेन, नवस करायचा तर करा, पण डॉक्टर थांबवू नका. दिवस वाया गेले की आजार मुरतो.

आता गटाचं काम. आईने महिनाभर मुलाजवळ राहायचं, म्हणजे तिची मजुरी बुडते, घरी धाकटी लेकरं आणि दारात शेरडं असतात. कायद्याने सोबत राहायला सांगितलं, पण चूल कोण पेटवणार ते सांगितलं नाही. तिथं दहा बायकांचा गट उभा राहू शकतो. अंतर्गत कर्ज प्रवासासाठी लगेच द्या, हप्त्याला दोन महिने सवलत द्या. दोघींनी जनावरं बघा, एकीने धाकट्यांना जेवायला घाला. सोबत राहायची पाळी मावशी, आत्या, आजी यांच्यात वाटून घ्या. हे ठरावात लिहून ठेवा, म्हणजे वेळेला वाद होत नाहीत.

आणि शेवटचं, गावात विचारतील, "पोरगी कुठं गेली?" उत्तर साधं ठेवा: "बरं नव्हतं, उपचाराला नेलंय." टायफॉईड झाला तर आपण असंच सांगतो. त्याहून जास्त सांगायचं की नाही, ते त्या मुलीच्या आईला ठरवू द्या. आपण बैठकीत त्याची चर्चा करायची नाही.

नंबर पुन्हा सांगते, लिहून घ्या: १४४१६. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढच्या भागात दवाखान्यातून घरी आलेल्या मुलाला शाळेत परत कसं बसवायचं, त्याबद्दल बोलू. नमस्कार.