शेगाव ते सिंदखेडराजा : घाटाखालून घाटावर

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत आणि ते लोकांच्या रोजच्या बोलण्यात आहेत : घाटाखाली आणि घाटावर. अजिंठ्याची डोंगररांग जिल्ह्याच्या मधून जाते. तिच्या उत्तरेला पूर्णा नदीचे सपाट, काळ्या मातीचे खोरे आहे, तर दक्षिणेला उंचसखल पठार. वऱ्हाडच्या जुन्या कागदपत्रांत या दोन प्रदेशांना पाईनघाट आणि बालाघाट अशी नावे आहेत. देवस्थान, बाजारपेठ, अभयारण्य, जिल्ह्याचे ठिकाण, सरोवर आणि ऐतिहासिक राजवाडा हे सारे एकाच वाटेवर पाहायचे असेल, तर शेगावहून निघून खामगाव, बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणारमार्गे सिंदखेडराजा हा क्रम सोयीचा आहे. दोन दिवसांत तो निवांत पूर्ण होतो.

शेगाव आणि खामगाव

शेगाव मुंबई–हावडा लोहमार्गावर आहे, त्यामुळे बाहेरगावच्या प्रवाशाला येथूनच सुरुवात करणे सोपे जाते. संत गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी येथे प्रकट झाले, अशी भक्तांची श्रद्धा आहे. ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीला, त्यांनी समाधी घेतली. समाधिमंदिरातील स्वच्छता, रांगेची शिस्त आणि सेवेकऱ्यांची नम्र वागणूक यांसाठी हे संस्थान महाराष्ट्रभर आदराने ओळखले जाते. दरवर्षी आषाढीसाठी येथून महाराजांची पालखी पायी पंढरपूरला जाते. रेल्वे स्थानकावरून गावोगावी पोचलेली शेगावची कचोरी ही या गावाची दुसरी ओळख.

शेगावहून थोड्याच अंतरावर खामगाव आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला मोठी मागणी आली. त्या तेजीत खामगावची बाजारपेठ भरभराटीला आली. पुढे १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. चांदीच्या व्यवसायामुळे या शहराला ‘रजतनगरी’ म्हणतात. घाटाखालची समृद्धी कपाशीवर कशी उभी राहिली, हे खामगावच्या बाजारात समजते. या खोऱ्याची दुसरी बाजू म्हणजे खारपाणपट्टा. पूर्णेकाठच्या अनेक गावांत भूजल खारे असल्याने गोड पाण्याचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

बोथ्याचे जंगल आणि बुलढाणा

खामगावहून बुलढाण्याकडे निघाले की शेते मागे पडतात आणि रस्ता बोथ्याच्या जंगलात शिरतो. हे ज्ञानगंगा अभयारण्य. क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर. सागासह पानगळीची झाडे, बिबट्या, अस्वल, नीलगाय आणि असंख्य पक्षी येथे आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये हे जंगल देशभर गाजले. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण नर वाघ तेलंगणातून आणि अनेक जिल्ह्यांतून, १,३०० किलोमीटरहून अधिक चालून येथे पोचला होता. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर असल्याने ही वाटचाल नोंदली गेली. शेते, रस्ते आणि गावांच्या मधून वन्यप्राण्यांचे मार्ग अजून जिवंत आहेत, याचा तो ठोस पुरावा होता. म्हणूनच या रस्त्यावर वाहन सावकाश चालवणे आणि कचरा न टाकणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

घाट चढून आल्यावर लागणारे बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात खालचे खोरे तापलेले असताना येथील हवा तुलनेने सुसह्य असते. इंग्रजांनी जिल्ह्याचे ठिकाण येथे ठेवले, त्यात या हवेचा वाटा मोठा होता. १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निर्भीड निबंध प्रसिद्ध करणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्याच. शहराजवळून मलकापूरकडे उतरणारा राजूर घाट पावसाळ्यात हिरवागार असतो.

पैनगंगेच्या काठाने

या डोंगरमाथ्यावर पावसाच्या पाण्याचीही वाटणी होते. उत्तरेला उतरणारे पाणी पूर्णेतून तापीला मिळते आणि अरबी समुद्राला जाते. दक्षिणेला वळलेले पाणी गोदावरीच्या खोऱ्यातून बंगालच्या उपसागराकडे जाते. पैनगंगा या दुसऱ्या वाटेची नदी. तिचा उगम बुलढाणा तालुक्यातच, मढजवळ बुधनेश्वर येथे आहे. चिखलीच्या रस्त्यावर येळगाव धरणात तिचेच पाणी अडवलेले दिसते. चिखलीनंतर सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याच्या शिवारांतून रस्ता मेहकरला पोचतो. पैनगंगेकाठच्या या गावात शारंगधर बालाजीचे मंदिर आहे. त्यातील काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती १८८८ मध्ये जमिनीखाली सापडली. कवी ना. घ. देशपांडे यांचे वास्तव्य याच गावी होते.

लोणारचे विवर

मेहकरच्या दक्षिणेला लोणार आहे. अतिवेगाने आलेली उल्का बेसाल्ट खडकावर आदळून येथे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर तयार झाले. बेसाल्टमध्ये आघाताने बनलेली आणि इतकी सुस्थितीत राहिलेली विवरे पृथ्वीवर अत्यंत दुर्मीळ आहेत, त्यामुळे चंद्रावरील विवरे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ लोणारचा अभ्यास करतात. सरोवराचे पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी आहे. येथील क्षाराचा उल्लेख ‘ऐन-इ-अकबरी’तही येतो. जून २०२० मध्ये पाणी अचानक गुलाबी झाले. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे तसे घडल्याचे तपासणीत आढळले. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. विवराच्या काठावर बारमाही वाहणारी धार आहे, तळाशी कमळजा देवीचे मंदिर आहे आणि गावात दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर आहे. विष्णूने लवणासुराचा वध येथे केला, अशी कथा आहे. विवरात उतरायचे असेल तर सकाळची वेळ चांगली. परत चढण्यासाठी पाणी आणि पायांत पक्के बूट हवेत.

सिंदखेडराजा

लोणारहून पश्चिमेला सिंदखेडराजा लागते. १२ जानेवारी १५९८ रोजी राजमाता जिजाऊंचा जन्म येथील लखुजीराव जाधवांच्या राजवाड्यात झाला. दरवर्षी १२ जानेवारीला येथे जिजाऊभक्तांची प्रचंड गर्दी होते. १६२९ मध्ये निजामशाहीच्या दरबारात, देवगिरीवर, लखुजीरावांचा पुत्र-नातवासह घात झाला. त्यांची भव्य घुमटाकार समाधी येथे आहे. मोती तलाव, चांदणी तलाव, शिल्पांनी सजलेली पुतळा बारव आणि निळकंठेश्वराचे प्राचीन मंदिर यांवरून जुन्या जाधवकालीन गावाची जलव्यवस्था आणि वैभव लक्षात येते. नागपूरहून शिर्डीपर्यंत डिसेंबर २०२२ मध्ये खुला झालेला समृद्धी महामार्ग येथून जवळच जातो, त्यामुळे परतीचा प्रवास सोपा झाला आहे.

ऑगस्ट ते फेब्रुवारी हा काळ या सफरीला उत्तम. पावसाळ्यात घाट आणि विवर हिरवे असतात, हिवाळ्यात सरोवरावर स्थलांतरित पक्षी येतात. एप्रिल-मे महिन्यांत मात्र घाटाखालचा उन्हाळा त्रासदायक ठरतो. शेगावला दरवर्षी लाखो भाविक येतात आणि त्यांतील बरेचसे दर्शन घेऊन तेथूनच परततात. त्यांनी आणखी एक-दोन दिवस काढून घाट चढावा. जिजाऊंची जन्मभूमी आणि लोणारचे विवर ज्या जिल्ह्यात आहेत, तो जिल्हा घाटाखाली आणि घाटावर असा दोन्हीकडून पाहिल्याशिवाय पुरता कळत नाही.